टीव्ही पकडून ठेवण्याचे दिवस

गेल्या दिवाळीत आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी विचारलं, "मराठीच्या बाईंचा टीव्हीवरचा कार्यक्रम कुणाकडे आहे का रे? संमेलनात दाखवू या." पाच मिनिटांत चौघांनी माझं नाव पुढे केलं. "त्याच्याकडे असणारच. तेव्हा त्याच्याच कॉम्प्युटरवर टीव्ही दिसायचा." मी दोन दिवस गप्प बसलो. मग स्मरणिका समितीचा फोन आला, की लेख तरी दे. तर हा तो लेख. १९९१च्या आपल्या बॅचला मी एक उत्तर देणं लागतो, पण ते एका ओळीत देता येत नाही. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. इतिहासाच्या सरांनी सवयीप्रमाणे सनावळ्या तपासाव्यात.

टीव्ही ही मुळात निसटून जाणारी गोष्ट होती. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या टॉवरमुळे ते पुण्यात दिसू लागलं. तेव्हापासून आपल्या घरांत एकच नियम होता: वेळेवर बसाल तर दिसेल. चुकलं ते चुकलं. २५ जानेवारी १९८७ला रामायण सुरू झालं तेव्हा आपण सहावीत होतो. रविवारी सकाळी साडेनऊला रस्ते ओस पडायचे ते काही केवळ भक्तीमुळे नव्हे. तो भाग पुन्हा बघायला मिळणार नाही, ही धास्तीही त्यात होती.

या नियमाला पहिला सुरुंग लावला तो व्हीसीआरने. सोनीचं बीटामॅक्स १९७५ साली जपानात आलं आणि जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ साली. अमेरिकेत युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपट कंपन्यांनी १९७६मध्येच सोनीला कोर्टात खेचलं. घरी बसून कार्यक्रम उतरवून घेणं ही चोरी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. खटला सात वर्षांहून अधिक काळ चालला. १७ जानेवारी १९८४ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला: नंतर बघता यावं म्हणून घरच्या घरी कार्यक्रम टेप करून ठेवणं गैर नाही. एक न्यायाधीश जरी तिकडे झुकला असता, तरी पुढचा सगळा इतिहास बदलला असता.

आपल्याकडे कोर्टाचा प्रश्न नव्हता, प्रश्न पैशांचा होता. १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि व्हीसीआर दिसू लागले ते बहुतेक ज्यांचं कुणी आखातात होतं त्यांच्या घरी. आमच्या वाड्यात एकच होता. त्या घरचे काका मस्कतला होते. काकू रामायणाचे भाग टेप करायच्या आणि एकदा कोरी कॅसेट मिळाली नाही म्हणून त्यांनी नणंदेच्या लग्नाच्या कॅसेटवर रावणवध चढवला. कॅसेटच्या पाठीवर एक छोटी प्लास्टिकची पट्टी असे. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा काही टेप होत नसे. पण मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवला की यंत्र फसायचं. काकूंना ही युक्ती मीच सांगितली होती. तेव्हा मला याचा फार अभिमान होता.

आता उडी मारून नव्या शतकात येऊ, कारण मधल्या काळात मी कॉलेज, नोकरी आणि लग्न यांत होतो आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. केबल घरोघरी पोचली होती. १९९९मध्ये अल्फा मराठी आणि २०००मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झाली होती. अमेरिकेत १९९९ सालीच टिवो नावाचा डबा विकायला आला होता. त्यात हार्ड डिस्क होती, तो फोनच्या तारेवरून कार्यक्रमांचं वेळापत्रक आणायचा आणि तुम्ही नुसतं मालिकेचं नाव सांगितलं की पुढचं सगळं आपलं आपण रेकॉर्ड करायचा. ते आपल्याकडे मिळत नव्हतं. आपल्याकडे मिळायचं ते टीव्ही ट्यूनर कार्ड. २००१ साली तपकीर गल्लीतून मी एक घेऊन आलो. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचा काही दोष नव्हता. त्या काळच्या बहुतेक स्वस्त कार्डांच्या पोटात बीटी८७८ हीच चिप असायची, वरचं खोकं तेवढं वेगळं.

कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यात खोचायचं, केबलची वायर त्यात घालायची, की मॉनिटरवर टीव्ही. निदान खोक्यावरच्या चित्रात तरी तसं होतं. पहिल्या संध्याकाळी माझ्या मॉनिटरवर काळीपांढरी, वर सरकत जाणारी बातम्यांची निवेदिका दिसली. दोन तासांनी कळलं, की सॉफ्टवेअर अमेरिकन पद्धतीवर लावलेलं होतं आणि आपल्याकडे पाल पद्धत चालते: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. ते बदललं तर रंग आले. मग चॅनेल शोधायचा कार्यक्रम. ते ऐंशी चॅनेल एकेक करून नाव देऊन ठेवायचे आणि महिन्याभरात केबलवाल्याने ते इकडचे तिकडे करायचे. एकदा मी बातम्यांचं रेकॉर्डिंग म्हणून लावलं आणि संध्याकाळी येऊन बघतो तर एक तास मुंग्या. वाहिनी तीन घरं पुढे सरकली होती.

पण खरी गंमत 'रेकॉर्ड'चं लाल बटण दाबल्यावर सुरू व्हायची. थोडं गणित सांगतो, गणिताच्या सरांची माफी मागून. टीव्हीचं पूर्ण चित्र जसंच्या तसं घ्यायचं तर ७२० गुणिले ५७६ ठिपके, दर ठिपक्याला दोन बाइट, सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला सुमारे २१ एमबी आणि अर्ध्या तासाला ३७ जीबी. माझी अख्खी हार्ड डिस्क २० जीबीची. चित्र उभं-आडवं निम्मं केलं, ३५२ गुणिले २८८, तरी अर्ध्या तासाला नऊ जीबी. म्हणून ते येता येता दाबून लहान करायचं. ते काम करायला त्या काळचा प्रोसेसर कसाबसा पुरायचा. त्याला धाप लागली की तो मधली काही चित्रं गाळून टाकायचा. कोणती गाळली ते सांगायचा नाही. खाली कोपऱ्यात फक्त एक आकडा वाढत जायचा, 'गाळलेली चित्रं: ११४'. घरात कुणी त्या वेळी कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला बसलं तर आकडा हजारावर जायचा. रेकॉर्डिंग चालू असताना खोलीत कुणी मोठ्याने चालायचं नाही, असा मी बायकोला नियम घातला होता. त्याला शास्त्रीय आधार शून्य होता.

आवाजाची कथा आणखी निराळी. चित्र कार्डातून थेट आत जायचं. आवाज मात्र एका वीतभर वायरने कार्डाच्या बाहेर येऊन साउंड कार्डाच्या भोकातून परत आत जायचा. चित्राचं घड्याळ एक आणि आवाजाचं घड्याळ दुसरं. दोन्ही घड्याळं जवळजवळ बरोबर, पण या 'जवळजवळ'मुळेच घात व्हायचा. अर्ध्या तासात दोघांत फरक पडायचा, त्यात चित्रं गळलेली. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळलेले असायचे आणि शेवटी शेवटी माणूस तोंड मिटून बसलेला आणि वाक्य चालू, असा प्रकार.

शिवाय फायलीची मर्यादा. त्या काळच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओची एक फाइल दोन जीबीच्या वर जात नसे. दोन जीबी भरले की रेकॉर्डिंग थांबायचं. आवाज नाही, इशारा नाही. हे मला माहीत नव्हतं. कळलं ते मार्च २००३मध्ये.

त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका मराठी वाहिनीवर आपल्या मराठीच्या बाईंचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण निवृत्तीनंतर बाई मावळ-मुळशीतल्या खेड्यांत एसटीने फिरून जात्यावरच्या ओव्या लिहून आणत होत्या. वर्गात त्या कविता कधी म्हणायच्या नाहीत, गायच्या. मागच्या बाकावर आपण हसायचो तेही आठवत असेल. त्या कार्यक्रमात त्या बसून सलग ओव्या म्हणणार होत्या. बाईंनी आदल्या दिवशी मला स्वतः फोन केला. म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवर घेतोयस ना? मग मी शेजारच्यांना कॅसेटचं सांगत नाही. उगाच त्यांना त्रास." मी म्हटलं, "बाई, अगदी निर्धास्त राहा. सीडीवर देतो. कॅसेटला बुरशी येते."

कार्यक्रम साडेपाचला. मी एका लग्नासाठी नाशिकला. टायमर पाच पंचवीस ते सहा दहा असा लावला, आगेमागे जागा ठेवून. स्क्रीनसेव्हर बंद केला, अँटिव्हायरसची तपासणी बंद केली, सकाळ-संध्याकाळचं एएम-पीएम तीनदा बघितलं, यूपीएस लावला. मला वाटत होतं, की चुकण्यासारखं आता काही उरलेलं नाही. वाहिनीने कार्यक्रम दहा मिनिटं उशिरा लावला. पाच पंचवीसपासून माझा कॉम्प्युटर इमानदारीत जाहिराती आणि आधीच्या पाककृतीच्या कार्यक्रमाचा शेवट साठवत राहिला. चौतिसाव्या मिनिटाला दोन जीबी भरले आणि सगळं थांबलं. बाईंची तीसपैकी एकोणीस मिनिटं मिळाली. उरलेल्या अकरा मिनिटांत काय होतं, ते बाईंनीच पुढे मला तोंडी सांगितलं.

एकोणीस मिनिटं तरी होती. सीडी करायची म्हणजे ती फाइल एमपेग-१मध्ये बदलायची, म्हणजे व्हीसीडी प्लेअरवर चालते. त्याला माझा कॉम्प्युटर तासन् तास घ्यायचा. म्हणून मी फाइलचे दोन तुकडे केले. नमुना म्हणून नंतरची नऊ मिनिटं आधी केली, त्यांची सीडी जाळली आणि पहिली दहा, ज्यात सलग ओव्या होत्या, ती 'रविवारी करू' म्हणून तशीच ठेवली. रविवारी काहीतरी निघालं.

मग २३ मार्च आला. वर्ल्ड कपची फायनल, जोहान्सबर्ग, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. आदल्या रात्री मी हार्ड डिस्कवर जागा करायला बसलो, कारण निदान सचिनची बॅटिंग तरी कायमची जवळ असावी असं मला वाटत होतं. डिस्कवर काय काय होतं ते बघत गेलो. ऑफिसच्या फायली काढता येत नव्हत्या. मुलीच्या बारशाचे फोटो काढता येत नव्हते. 'ओव्या-भाग-१' नावाची फाइल सव्वा जीबीच्या आसपास जागा अडवून बसली होती. बाईंचा कार्यक्रम पुन्हा लागेल की, असं मी स्वतःला सांगितलं आणि ती पुसली. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाने दोन बाद ३५९ केल्या, सचिन पहिल्याच षटकात चार धावांवर बाद झाला आणि आपण १२५ धावांनी हरलो. ते रेकॉर्डिंग मी आठवड्याभरात पुसलं. बाईंचा कार्यक्रम पुन्हा लागला असेल, तर तो मला तरी दिसला नाही.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बाईंनाही नाही. त्यांना मी 'तांत्रिक अडचण' म्हटलं. नऊ मिनिटांची सीडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नातवाच्या व्हीसीडी प्लेअरवर लावून बघितली आणि हसून म्हणाल्या, "अरे, माझा आवाज माझ्या पुढे पळतोय की! वर्गात तर उलट होतं, मी पुढे आणि तुम्ही सगळे मागे." दोन वर्षांनी बाई गेल्या.

पुढे मी या विषयावर वाचत गेलो, थोडं स्वतःला सोडवायला म्हणूनही असेल. असली पुसापुशी मी एकट्याने केलेली नाही. साठ-सत्तरच्या दशकांत बीबीसीने टेपा महाग म्हणून आपलेच कार्यक्रम पुसून त्यांवर नवे घेतले. त्यांच्या 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे बरेच भाग आजही बेपत्ता आहेत. ज्यांचा आवाज तरी मिळाला, तो घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या पोरांमुळे. चंद्रावरच्या पहिल्या पावलाच्या मूळ टेपा नासाने शोध शोध शोधल्या आणि २००९मध्ये जाहीर केलं, की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. एवढ्या मोठ्या संस्थांचं हे, तर माझ्या २० जीबीचं काय, असा युक्तिवाद मी मनात बऱ्याचदा केला. तो टिकत नाही. त्यांना ती टेप पुन्हा लागेल हे ठाऊक नव्हतं. मला बाईंनी फोन करून सांगितलं होतं.

उलट उदाहरणही आहे. फिलाडेल्फियात मॅरियन स्टोक्स नावाच्या एक बाई होत्या, एकेकाळच्या ग्रंथपाल. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २०१२मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या घरात एकाच वेळी अनेक व्हीसीआर लावून बातम्या टेप करत होत्या. कॅसेट बदलायची वेळ झाली की बाहेरचं जेवण अर्धवट टाकून घरी परत. जवळजवळ सत्तर हजार कॅसेटा मागे राहिल्या, त्या आता एका डिजिटल संग्रहालयाकडे आहेत. मला चटका लावणारी गोष्ट वेगळीच: या बाईंना अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरचं विलक्षण वेड होतं, घरात ते ढिगाने होते. पण टीव्ही साठवायला शेवटपर्यंत कॅसेटच.

कॉम्प्युटरवाल्यांनीही हार मानली नव्हती, हे सांगितलं पाहिजे. २००२ साली आयझॅक रिचर्ड्स या अमेरिकन प्रोग्रॅमरने स्वतःच्या घरासाठी मिथटीव्ही लिहायला घेतलं. ते फुकट होतं, लिनक्सवर चालायचं आणि जगभरच्या हौशी लोकांनी ते वाढवलं. मीही २००६मध्ये ते लावलं. तोवर प्रोसेसर दमेनासे झाले होते, डिस्का मोठ्या झाल्या होत्या, दोन जीबीची भानगड संपली होती. अडलं ते वेळापत्रकावर. तिकडे वाहिनीचं वेळापत्रक आपोआप यायचं. मी मात्र वर्तमानपत्रातलं बघून हाताने भरत बसायचो आणि आपल्या वाहिन्या ते पाळायच्या नाहीत. गंमत म्हणजे अमेरिकेतही ज्या फुकट वेळापत्रकावर हे सगळं चाललं होतं ते २००७मध्ये बंद झालं. मग वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून स्वतःची व्यवस्था उभी केली. गणपतीच्या वर्गणीसारखीच म्हणा.

आणि सगळं जमू लागलं तेव्हा केबलच बदलली. नव्या कायद्याप्रमाणे मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ला आणि पुण्यासारख्या शहरांत ३१ मार्च २०१३ला जुनी केबल बंद व्हायची होती. घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. माझ्या कार्डाला आता ऐंशी चॅनेल नव्हे, बॉक्सने जे दाखवलं असेल ते एकच दिसू लागलं. चॅनेल बदलणं बॉक्सच्या हातात, आणि बॉक्सला कॉम्प्युटरची भाषा कळेना. मी रिमोटचा लाल किरण सोडणारी एक वायर बॉक्सच्या तोंडाशी चिकटपट्टीने लावून पाहिली. चार दिवस चाललं. मग कामवाल्या मावशींनी बॉक्स पुसताना ती कचरा म्हणून काढली. मी पुन्हा लावली नाही. डीटीएचवाल्यांचे रेकॉर्डिंग करणारे बॉक्स तोवर आले होते, एका बटणावर चालणारे. पण त्यांत घेतलेलं त्याच बॉक्समध्ये कुलूपबंद. बॉक्स बिघडला की सगळं गेलं.

ते कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नव्या कॉम्प्युटरमध्ये ते बसतसुद्धा नाही.

तर मित्रमैत्रिणींनो, उत्तर असं: बाईंचा कार्यक्रम माझ्याकडे नाही. नऊ मिनिटं आहेत. सीडी डागाळली होती, दोन ठिकाणी अडकते, पण गेल्या महिन्यात मी ती कॉपी करून घेतली. आवाज मागे सरकवून ओठांशी जुळवायला घेतला. वाटलं होतं, एकदा दोन सेकंद मागे ओढला की झालं. तसं होत नाही, कारण जिथे चित्रं गळली तिथे फरक बदलतो. दर वाक्याला वेगळा ओढावा लागला. तीन रविवार गेले. या नऊ मिनिटांत ओव्या नाहीत, मुलाखत आहे. चौथ्या मिनिटाला निवेदिका विचारते, तुम्हाला हा नाद कसा लागला. बाई सांगतात, शाळेत एक मुलगी होती, तिची आजी जात्यावर गायची, ती मुलगी वर्गात लाजत लाजत एकदा ते म्हणाली. नाव त्या घेत नाहीत. आपल्याच वर्गातली असावी, असा मला संशय आहे. जिला आठवत असेल तिने संमेलनाला नक्की यावं.

पेनड्राइव्ह मी घेऊन येतोय. एक विनंती आहे. मार्च २००३मध्ये तुमच्याकडे, सासरी, माहेरी किंवा शेजारी व्हीसीआर चालू असेल आणि कुणी तो कार्यक्रम उतरवून घेतला असेल, तर माळ्यावर एकदा बघा. कॅसेटवर नाव नसेल तरी आणा. बुरशी आलेली असली तरी चालेल, ती साफ करणारा एक माणूस मला सापडला आहे.